कस्तुराचे बेट

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेला प्रवासी सावनेर मागे टाकून मध्य प्रदेशात शिरतो, तेव्हा आपण परप्रांतात आलो असे त्यास मुळीच वाटत नाही. सडकेवरील पाट्या हिंदीत दिसतात, परंतु सौंसरच्या बाजारात भाव विचारणारी बाई मराठीतच बोलते आणि बसगाडीत जागेवरून होणारे भांडणही मराठीतच होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली त्या वेळी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. नकाशावरील रेघ सरकली, घरातील बोली मात्र जागची हलली नाही. २०२३ साली ह्याच भागाचा पांढुर्णा हा निराळा जिल्हा करण्यात आला. सौंसरजवळचे जामसांवली हे गाव त्यातलेच. पिंपळाच्या मुळाशी पहुडलेल्या मारुतीच्या देवस्थानामुळे ते दूरवर ठाऊक आहे. मंगळवारी आणि शनिवारी तेथे माणसांची रीघ लागते.

आम्ही ह्या प्रदेशाविषयी लिहावयास बसलो आहोत ते मात्र एका पाखराच्या निमित्ताने. पावसाळ्यात ह्या बाजूने फिरताना सडकेच्या दोन्ही अंगांस संत्र्याच्या बागा लागतात. काळ्या जमिनीत कपाशी डोके वर काढीत असते, ओढेनाले गढूळ पाण्याने भरून वाहत असतात आणि उत्तरेस सातपुड्याची निळी भिंत ढगांत अर्धी बुडालेली दिसते. बागांच्या कडेला, ओढ्याच्या काठी, जेथे जांभूळ, करंज आणि वेळू ह्यांची दाट सावली पडते, तेथे ह्या दिवसांत एक गोड, खणखणीत शीळ ऐकू येते. शीळ घालणारा मात्र दिसत नाही. पुष्कळ वेळ निश्चल उभे राहिल्यावर सावलीच्या तळाशी, कुजक्या पानांवर, संत्र्याच्या सालीच्या रंगाचे काहीतरी हलते. तोच हा आमचा कस्तूर, नारंगी डोक्याचा कस्तूर.

“फादर, हे पाखरू पावसासंगं येते अन् पावसासंगं जाते,” असे एका वृद्ध बागाइतदाराने आम्हांस सांगितले. पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत जे चार ओळींत लिहिलेले असते ते त्या गृहस्थाने एका वाक्यात सांगून टाकले. मध्य भारतात हा पक्षी मुख्यत्वे पावसाच्या तोंडाशी येऊन गाऊ लागतो, घरटे बांधतो, पिल्ले वाढवितो आणि पाऊस सरला की बहुधा दृष्टीआड होतो.

त्याचे रूप पाहण्याजोगे आहे. आकाराने तो साळुंकीहून किंचित लहान. डोके, मान, छाती आणि पोट नारंगी, पाठ निळसर राखी, खांद्याजवळ पंखावर एक पांढरा ठिपका. आपल्या द्वीपकल्पात जी उपजात राहते तिचे गाल व गळा पांढरे असून डोळ्याखालून दोन काळपट रेघा खाली उतरतात, जणू काजळ ओघळले आहे. मादीची पाठ जरा मळकट, हिरवट झाक असलेली. जॉन लॅथम ह्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १७९० साली ह्या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले. पक्ष्यांची मराठी नावे जुळवून पक्षिकोश सिद्ध करण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली ह्यांनी केले. विदर्भाच्या जंगलात आयुष्य वेचलेले हे वनाधिकारी २०२५ साली निवर्तले. आपल्या रानांतील पाखरांना आपल्या भाषेत हाक मारता यावी म्हणून त्यांनी जे श्रम केले ते विसरण्याजोगे नाहीत.

कस्तुराचा उदरनिर्वाह जमिनीवर चालतो. तो चोचीने एकेक पान उलटतो, बाजूला फेकतो, क्षणभर थांबतो, पुन्हा पुढचे पान उलटतो. त्या पानांखाली गांडुळे, गोगलगायी, किडे, अळ्या असतात. त्यांवर त्याचे पोट भरते. रानफळेही तो आवडीने खातो. घरटे झाडाच्या खालच्या फांद्यांत, बहुधा दीड पुरुष उंचीच्या आत असते: काड्या, मुळ्या, शेवाळ ह्यांची उथळ वाटी. आंब्याचे झाड त्याला विशेष पसंत. मादी तीन-चार अंडी घालते. सुमारे तेरा-चौदा दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि बाराएक दिवसांत घरटे सोडतात. नर व मादी दोघेही पिल्लांना भरवितात. सारांश, पिल्ले वाढविण्याचा हा काळ एका महिन्यात आटोपतो. तेवढ्या दिवसांत ओढ्याकाठची ती सावली आणि सावलीतली ती कुजकी पाने जागेवर असली म्हणजे ह्या कुटुंबाचे भागते.

आता वाचकहो, एका शब्दाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. वेळूच्या दाट जाळीला आपण ‘बेट’ म्हणतो, आणि समुद्राने वेढलेल्या भूमीलाही ‘बेट’च म्हणतो. शब्द एकच, आणि तो योग्यच आहे. उघड्या शेतांच्या मध्ये उभे असलेले वेळूचे बेट आणि उघड्या पाण्याच्या मध्ये उभे असलेले खडकाचे बेट, दोघांची जात एक. सावलीत राहणाऱ्या लहान जिवाला भोवतालचे ऊन आणि भोवतालचे पाणी सारखेच परके. कस्तुराच्या कुळाची कहाणी ह्या दोन प्रकारच्या बेटांची कहाणी आहे.

प्रथम समुद्रातील बेटांकडे जाऊ. आपल्याच देशाच्या पूर्वेस, बंगालच्या उपसागरात, अंदमान आणि निकोबार ह्या द्वीपमाला आहेत. सौंसरच्या ओढ्याकाठी दिसणाऱ्या ह्याच पक्ष्याचे भाऊबंद तेथील अरण्यांत राहतात. निकोबारच्या कस्तुराचे वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ ह्यांनी १८४७ साली केले. अंदमानच्या कस्तुराचे वर्णन लॉर्ड वॉल्डन ह्यांनी १८७४ साली. दोन्ही ठिकाणचे पक्षी इतके निराळे भरले की शास्त्रज्ञांनी त्यांच्या दोन स्वतंत्र उपजाती मानल्या. ह्या दोन द्वीपमालांच्या मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची खाडी आहे. नागपूरहून छिंदवाड्याला जाऊन पुढे थोडे चालावे इतकेच हे अंतर. परंतु जमिनीवरचे दीडशे किलोमीटर निराळे आणि पाण्यावरचे निराळे.

असे का होते हे समजण्यास फारशी विद्या नको. एखादे वादळ चार-दोन पक्ष्यांना मूळ भूमीवरून उचलून दूरच्या बेटावर नेऊन टाकते. परतीची वाट नाही. त्यांची सोयरीक आपसांतच होते. बेटावर जे फळ मिळेल ते खावे, जो किडा मिळेल तो टिपावा, जी सावली असेल तीत राहावे. पिढ्यांमागून पिढ्या जातात. रंगाची छटा बदलते, चोच जरा लांबते, पाय जरा बळकट होतात, गाण्याची चाल पालटते. गाव सोडून गेलेल्या कुटुंबाची बोली दोन-तीन पिढ्यांत बदलते ना, तसेच हे. बोली निराळी झाली तरी जोवर एकमेकांचे बोलणे कळते तोवर ती एकच भाषा. ह्या अवस्थेला शास्त्रज्ञ उपजात म्हणतात. दुरावा आणखी वाढला म्हणजे भाषाच दुसरी होते, आणि तेथे स्वतंत्र जात जन्मास येते.

अशी स्वतंत्र झालेली, केवळ लहान बेटांवरच राहणारी कस्तुराची एक जात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. अमेरिकेच्या दोन खंडांच्या मध्ये कॅरिबियन समुद्र पसरलेला आहे आणि त्याच्या पूर्वेच्या काठाने लहान लहान बेटांची माळ ओवलेली आहे. तिच्यातील फक्त चार बेटांवर हा पक्षी आढळतो: माँटसेरात, ग्वादलूप, डोमिनिका आणि सेंट लुशिया. ही नावे आपल्या वाचकांच्या कानांस अगदीच अपरिचित वाटणार नाहीत. कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीत १४९३ सालच्या नोव्हेंबरात तेथे पोहोचला. जे बेट रविवारी दिसले त्यास त्याने प्रभूच्या दिवसाचे, म्हणजे डोमिनिका, हे नाव दिले. ग्वादलूप आणि माँटसेरात ही नावे स्पेनमधील पवित्र मरियेच्या दोन प्रसिद्ध तीर्थस्थानांवरून ठेविली. सेंट लुशिया हे नाव संत लुसीचे. पक्ष्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘अरण्यातला कस्तूर’ असा होतो. आपण त्यास वनकस्तूर म्हणू या.

वनकस्तूर आपल्या कस्तुराहून मोठा, सुमारे वीतभराहून थोडा लांब. पाठ गडद तपकिरी. छातीवर व पोटावर पांढऱ्या रंगाचे थेंब असे दाटलेले, की अंगावर खवले आहेत असे वाटावे. पाय पिवळे, चोच पिवळी आणि डोळ्याभोवती पिवळ्या कातडीचे कडे. ग्वादलूपचे लोक त्यास आपल्या फ्रेंच बोलीत पिवळ्या पायांचा कस्तूर म्हणतात. डोंगरावरील ओल्या, दाट अरण्यात तो राहतो. किडे आणि फळे खातो. दोन-तीन निळसर हिरवी अंडी घालतो. चार बेटांवर त्याच्या चार उपजाती झाल्या आहेत, प्रत्येकीच्या रंगछटेत थोडा थोडा फरक. आणि नवल असे की डोमिनिका व सेंट लुशिया ह्यांच्या मध्येच मार्टिनिक नावाचे मोठे, डोंगराळ, अरण्याने भरलेले बेट आहे. तेथे मात्र तो नाही.

ह्या चार बेटांचा विस्तार किती? ग्वादलूप सुमारे १,६३० चौरस किलोमीटर, डोमिनिका ७५०, सेंट लुशिया ६१६ आणि माँटसेरात अवघे १०२. आपल्याकडील एखाद्या तालुक्यात माँटसेरातसारखी अनेक बेटे मावतील. ह्यातही सगळी भूमी अरण्याची नव्हे. किनाऱ्याकडची सपाट जमीन माणसांनी उसासाठी मोकळी केली आणि वनकस्तूर डोंगरमाथ्याच्या रानांत उरला. म्हणजे बेटात पुन्हा एक बेट.

ह्या उसाच्या कहाणीशी आपल्या देशाचा दुहेरी संबंध आहे. तेथील मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून कष्ट करवून घेत असत. फ्रेंच बेटांवर १८४८ साली गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांनी करारावर हिंदी मजूर नेण्यास आरंभ केला. १८५४ पासून पुढे ग्वादलूपला चाळीस हजारांहून अधिक हिंदी माणसे गेली. त्यांतील बहुतेक दक्षिणेकडची होती. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेथीलच झाली आहेत.

दुसरा संबंध मुंगसाचा. उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. जहाजांतून युरोपीय लोकांबरोबर आलेले ते उंदीर कांडी कुरतडून पीक नासवीत. १८७२ साली जमेकातील एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागविली आणि आपल्या मळ्यात सोडली. मुंगूस उंदीर मारतो हे त्याला ठाऊक होते आणि ते खरेच होते. आरंभी उंदीर कमी झालेले दिसले, म्हणून त्या नवांच्या संततीपैकी मुंगसे इतर बेटांवरही नेण्यात आली. ग्वादलूप आणि सेंट लुशिया त्यांतलीच. पुढे काय झाले? उंदीर रात्री हिंडतो आणि झाडावर चढतो. मुंगूस दिवसा हिंडतो आणि बहुतांशी जमिनीवर शिकार करतो. दोघांची गाठ पडेनाशी झाली. मग मुंगूस जमिनीवर जे सापडेल ते खाऊ लागला: सरडे, साप, जमिनीवर चरणारे पक्षी, खाली बांधलेल्या घरट्यांतील अंडी आणि पिल्ले. आपल्याकडे मुंगूस आणि पाखरे हजारो वर्षे एकत्र नांदत आली. येथील पाखराला त्याची चाहूल ओळखता येते. त्या बेटांवरील पाखरांना असा शेजारी कधी लाभलाच नव्हता. आपल्या अंगणात उपयोगी म्हणून ज्याला आपण मारीत नाही, तोच प्राणी दुसऱ्याच्या अंगणात अनर्थाचे कारण झाला. दोष मुंगसाचा नव्हे. ज्याने त्याला नेले त्याने उंदरांचा तेवढा विचार केला, बेटाचा केला नाही.

सेंट लुशियाचा वनकस्तूर आज अत्यंत विरळा झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे तो विपुल होता. आता वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही. एकट्या मुंगसाने हे केले असे म्हणता येणार नाही. रान तुटले; लोकांनी खाण्यासाठी पक्षी मारले; दक्षिण अमेरिकेतून पसरत आलेला एक काळा, चकचकीत पक्षी आपल्या कोकिळेप्रमाणे त्याच्या घरट्यात अंडी घालू लागला; आणि तुटलेल्या रानाच्या कडेला वाढणारा कस्तूरकुळातीलच दुसरा एक पक्षी त्याच्या जागेवर बसू लागला. मोठ्या भूमीवर अशी चार संकटे चार दिशांनी आली तर पाचव्या दिशेला पळता येते. बेटावर पाचवी दिशा नसते.

माँटसेरातवर आलेले संकट मात्र माणसाच्या हातचे नव्हते. १८ जुलै १९९५ रोजी तेथील सूफ्रिएर डोंगरातील ज्वालामुखी जागा झाला. २५ जून १९९७ रोजी तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट डोंगरउतारावरून धावत आले आणि त्यांत १९ माणसे दगावली. प्लिमथ हे राजधानीचे शहर राखेखाली आणि दगडांखाली पुरले गेले. दोन-तृतीयांश माणसे बेट सोडून परदेशी गेली आणि बेटाचा दक्षिण अर्धा भाग वस्तीला बंद झाला. वनकस्तूर राहत असे ती अर्ध्याहून अधिक राने जळाली वा राखेने गाडली गेली. जे रान वाचले ते बहुतेक बेटाच्या मध्यावरील सेंटर हिल्स नावाच्या टेकड्यांवर. माणसांना गलबतात आणि विमानात बसून जाता आले. पाखरांनी त्याच टेकड्या धरून ठेविल्या. आज माँटसेरातचा वनकस्तूर मुख्यत्वे तेथेच टिकून आहे. २०१७ सालच्या सप्टेंबरात मारिया नावाच्या प्रचंड वादळाने डोमिनिकावरील झाडांची पाने अक्षरशः ओरबाडून नेली. तरीही जात उरली, कारण ती एका नव्हे, चार बेटांवर होती आणि चारांवर एकाच दिवशी संकट आले नाही.

जी जात एकाच बेटावर असते तिला हा आधारही नसतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस लॉर्ड हाव नावाचे जेमतेम पंधरा चौरस किलोमीटरचे बेट आहे. तेथे कस्तूरकुळातील एक पक्षी जमिनीजवळ घरटे करून राहत असे. १९१८ सालच्या जून महिन्यात माकांबो नावाची आगबोट बेटाजवळ खडकावर लागली. बोट नंतर दुरुस्त होऊन गेली, पण तेवढ्या दिवसांत तिच्यातील उंदीर किनाऱ्यावर उतरले. पुढील काही वर्षांत त्या बेटावरील पाच प्रकारचे पक्षी नाहीसे झाले. हा कस्तूर त्यांतला एक. एका बोटीचा एक अपघात, एवढेच कारण पुरले. शंभर वर्षे लोटल्यावर, २०१९ साली, बेटवासीयांनी फार खर्च करून आणि फार खटपट करून उंदरांचा निःपात करण्याची मोहीम केली. गेलेला कस्तूर त्यामुळे परत आला नाही. उरलेल्या पाखरांना मात्र श्वास घेता आला.

आता पुन्हा सातपुड्याकडे वळू. आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणतील, हे सर्व दूरच्या समुद्राचे; आम्हां शेतकऱ्यांना त्याचे काय? त्याचे उत्तर आमच्या दारातच आहे. सातपुड्याचे रान एके काळी सलग होते. आज पेंचचे रान एका बाजूला आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे रान दुसऱ्या बाजूला. मध्ये छिंदवाड्याच्या भागातून तुटक तुटक रानांची एक वाट उरली आहे. शेते, खाणी, सडका आणि वस्त्या ह्यांनी ती जागोजागी कापलेली आहे. नकाशावर पाहिले तर ही राने उघड्या शेतांच्या समुद्रातील बेटांसारखीच दिसतात. पचमढीच्या उंच डोंगरांत निळाभोर शीळकरी कस्तूर राहतो. त्याचे खरे घर सह्याद्री, आणि सातपुड्यातील त्याची वस्ती त्या घरापासून दूर, डोंगरांच्या बेटावर नांदावी तशी नांदते आहे.

कस्तुराला पंख आहेत, तो उडून जाईल, असे कोणी म्हणेल. जाईलही. परंतु ज्या पानाखालच्या जिवांवर तो जगतो त्यांना पंख नाहीत. गोगलगाय सडक ओलांडत नाही. गांडूळ जळलेल्या जमिनीतून चालत दुसऱ्या रानात जात नाही. आणि येथेच आपल्या हातून नकळत होणारी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागतात. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन स्वच्छ करण्याची रीत ह्या सबंध पट्ट्यात आहे. मोह हा गरिबाचा आधार आहे हे आम्ही जाणतो. फुले वेचू नयेत असे म्हणण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण झाडाखाली लावलेली आग झाडाखालीच राहत नाही. वारा सुटला की ती पानोपानी सरकत ओढ्यापर्यंत जाते. वर्षभराचा पाचोळा एका दुपारी राख होतो. त्याच्याबरोबर ओल धरणारी बुरशी जाते, किडे जातात, त्यांची अंडी जातात, साग-जांभळाची कोवळी रोपे जातात. ज्येष्ठ-आषाढात कस्तूर आपल्या ठरलेल्या ओढ्यावर येतो, तेव्हा सावली उभी असते, वेळू उभा असतो, पण उलटण्यास पान नसते.

ही हानी दिसत नाही, म्हणून ती मोठी. प्लिमथ शहर राखेखाली गेले ते सर्व जगाने पाहिले. सेंट लुशियाच्या रानातील एक पक्षी वर्षाला थोडा थोडा कमी होत गेला, तो कोणा एका दिवशी कोणाला जाणवला नाही.

तरीही समुद्रातील बेट आणि आपले बेट ह्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. माँटसेरात आणि ग्वादलूप ह्यांच्या मध्ये कोणालाही रान लावता येणार नाही. आपल्या दोन रानांच्या मध्ये मात्र माणसाचे शेत आहे, बांध आहे, ओढा आहे. बांधावर झाडे ठेवता येतात, ओढ्याचा काठ न खरवडता सोडता येतो, वेळूचे एक बेट राखता येते. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या रानातून जातो तेथे वन्य प्राण्यांसाठी सडकेखालून वाटा ठेविल्या आहेत. वाघ, हरिणे, रानडुकरे त्यांतून ये-जा करतात. ते काम सरकारचे. कस्तुराची वाट मात्र गावकऱ्याच्या बांधावरून जाते आणि ती ठेवण्यास सरकारी मंजुरी लागत नाही.

यास्तव ह्या भागातील आमच्या कुटुंबांना तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मोहाखाली काडी ओढण्याऐवजी पाचोळा झाडून बाजूस करावा. झाडाखाली जाळी ताणून फुले वरच्या वर झेलण्याची रीतही मध्य प्रदेशात अलीकडे सुरू झाली आहे. तीत फूल स्वच्छ राहते आणि त्याला दरही बरा येतो. दुसरी, बागेच्या ओढ्याकडील कोपऱ्यातली पाने झाडून जाळू नयेत. ती कुजली म्हणजे संत्र्याच्या झाडांना खत होईल आणि तोवर कस्तुराची पंगत चालेल. तिसरी, पावसाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांत मुलांच्या हातांतील गलोल खुंटीला टांगून ठेवावी.

आणि एक काम खास शाळकरी मुलांसाठी. मृग लागल्यावर रोज पहाटे आणि संध्याकाळी ओढ्याच्या बाजूने कान द्यावा. कस्तुराची शीळ ज्या दिवशी प्रथम ऐकू येईल ती तारीख वहीत लिहून ठेवावी. घरटे दिसल्यास त्याला हात न लावता दुरून पाहावे आणि कोणत्या झाडावर आहे ते लिहावे. शेवटची शीळ कधी ऐकली तेही लिहावे. पुढच्या वर्षी त्याच वहीत पुढचे पान. पाच-सात वर्षांनी ही वही काढून पाहिली, की आपल्या ओढ्यावरचा कस्तूर येतो आहे, वाढतो आहे की कमी होतो आहे, हे त्या गावाला स्वतःच्या हस्ताक्षरात कळेल. सेंट लुशियाच्या डोंगरातील गावांपाशी अशी वही नव्हती. जामसांवलीच्या, सौंसरच्या आणि पांढुर्ण्याच्या मुलांपाशी ती असावी.